सुहैल भटला ‘अजून वेळ आहे’ म्हणणाऱ्यांना

सुहैल भटचं नाव राष्ट्रीय संघाच्या संदर्भात निघालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: पोरगा गुणी आहे, पण अजून वेळ आहे. त्यापुढचं वाक्यही ठरलेलंच. जो आपल्या क्लबच्या पहिल्या अकरात नाही, त्याला देशाच्या अकरात कशाच्या जोरावर घ्यायचं? राष्ट्रीय संघ म्हणजे शिकवणीचा वर्ग नव्हे. आधी क्लबकडून खेळ, गोल कर, मग निळ्या जर्सीचं बघू.

हे म्हणणारे फुटबॉलचे शत्रू नाहीत. त्यातले बरेच जण स्वतः खेळलेले आहेत, रिकाम्या स्टेडियममध्ये बसून सामने पाहणारे आहेत आणि वशिल्याच्या निवडींना कंटाळलेले आहेत. ‘खेळतो तोच निवडला जाईल’ हा नियम त्यांना न्यायाचा वाटतो. गोलरक्षकासाठी तो न्यायाचा आहेही. बचावपटूसाठी, मधल्या फळीतल्या खेळाडूसाठीही बऱ्याच अंशी आहे. पण भारतीय सेंटर फॉरवर्डला हा नियम लावणं म्हणजे दार बाहेरून बंद करून आतल्या माणसाला ‘येत का नाहीस’ असं विचारणं आहे.

सुहैल अहमद भट श्रीनगरचा, २००५ चा जन्म. मोहन बागानचा सेंटर फॉरवर्ड. २०२४-२५ च्या हंगामात त्याच्या पुढे रांगेत कोण उभं होतं ते बघा. जेमी मॅक्लारेन, जेसन कमिंग्ज आणि दिमित्री पेट्राटोस. तिघंही ऑस्ट्रेलियाच्या विश्वचषक चमूत राहिलेले. मॅक्लारेन तर ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. शिवाय स्कॉटलंडचा ग्रेग स्टुअर्ट. वीस वर्षांच्या काश्मिरी मुलाने या चौघांना मागे टाकून पहिल्या अकरात यावं आणि मगच राष्ट्रीय संघाचं नाव काढावं, ही अट आहे. ती पूर्ण करू शकेल असा भारतीय सेंटर फॉरवर्ड आज कुठल्याही वयाचा दाखवा.

आता त्याच हंगामाचा शेवट. मोहन बागानने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले होते. एप्रिलमध्ये भुवनेश्वरला सुपर कप होता. क्लबने बहुतेक परदेशी मंडळींना सुट्टी दिली आणि तरुण, जवळजवळ पूर्ण भारतीय संघ पाठवला. उपांत्यपूर्व फेरीत या संघाने केरळा ब्लास्टर्सला २-१ असं हरवलं. त्यातला एक गोल सुहैलचा. उपांत्य फेरीत एफसी गोवाकडून संघ १-३ असा हरला, पण बागानचा तो एकमेव गोलही सुहैलचाच. समोर दोन्ही वेळा आयएसएलमधले मुरलेले बचावपटू होते. सुरुवातीपासून दोन सामने खेळायला मिळाले, तर दोन गोल झाले. दोन महिन्यांच्या आत, जूनच्या सामन्यांसाठी, तेव्हाचे प्रशिक्षक मनोलो मार्केझ यांनी त्याला राष्ट्रीय चमूत घेतलं.

दोन सामन्यांवरून कोणी मोठा खेळाडू ठरत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग दोन सामन्यांपलीकडे काही दिलंच गेलेलं नसताना तो ‘तयार नाही’ हे तरी कशावरून ठरलं? त्याच्या विरोधातला पुरावा म्हणून आकडे पुढे केले जातात: आयएसएलमध्ये इतके सामने, गोल जवळपास नाहीत. हे आकडे कसे तयार होतात ते जवळून बघायला हवं.

साठाव्या मिनिटाला सहप्रशिक्षक हात करतो. पोरगा बिब चढवून गोलच्या बाजूला, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ धावायला लागतो. गुडघे वर, बाजूला उड्या, पुन्हा धाव. वीस-पंचवीस मिनिटं हेच. पंच्याऐंशीव्या मिनिटाला चौथा पंच फलक वर धरतो. त्याचा संघ तेव्हा एका गोलने पुढे असतो, आणि कानात सांगितलेलं असतं: चेंडू कोपऱ्यात घेऊन जा, फाऊल मिळव, वेळ काढ. तो ते मन लावून करतो. चेंडू त्याच्या पायाला चार वेळा लागतो, चारही वेळा गोलकडे पाठ असते. शिट्टी वाजते. नोंदीत चढतं: सामना एक, गोल शून्य. अशा दहा नोंदी झाल्या की कुणीतरी लिहितो, ‘दहा सामन्यांत एकही गोल नाही.’ गोल करायचं काम त्या दहा सामन्यांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, हे नोंदीत नसतं.

हे एकट्या सुहैलचं रडगाणं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा एका संघात एकाच वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात असू शकत. २०१७-१८ मध्ये ते पाच झाले, २०२१-२२ मध्ये चार. संख्या घटली हे चांगलंच झालं. पण ती घटली कुठे? क्लबांनी बॅक आणि कडेच्या जागा भारतीयांना दिल्या आणि नऊ नंबरची, म्हणजे सेंटर फॉरवर्डची, जागा बहुतेकांनी परदेशी माणसासाठीच राखून ठेवली. क्लबला दोष देण्यात अर्थ नाही. गोल करणारा माणूस बाजारात सगळ्यात महाग असतो, आणि परदेशी खेळाडूवरचा पैसा तिथेच लावावासा वाटणं व्यवहाराला धरून आहे. पण त्या व्यवहाराचं बिल राष्ट्रीय संघाच्या नावावर फाटतं. मनवीर सिंगचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे: बागानसाठी तो उजव्या कडेने खेळतो आणि देशासाठी त्याला मध्ये, सेंटर फॉरवर्ड म्हणून उभं केलं जातं. वर्षभर एक काम करायचं आणि आंतरराष्ट्रीय सामन्याच्या आठवड्यात दुसरं. मग बॉक्समध्ये तो अर्धा सेकंद उशिरा पोहोचला की आपण त्याला बोल लावतो.

२०२३ मध्ये ड्युरँड चषकात सगळ्यात जास्त गोल मोहमेडनच्या डेव्हिड लालह्लानसांगाने केले. पुढे तो ईस्ट बंगालमध्ये गेला. तिथे त्याच्यापुढे ग्रीसचा दिमित्रिओस डायमंटाकोस आणि ब्राझीलचा क्लेटन सिल्व्हा. गोष्ट तीच, फक्त जर्सीचा रंग वेगळा.

‘जो खेळतो तो निवडा’ हा नियम प्रामाणिकपणे पाळला तर काय होतं, हेही २०२४-२५ च्या हंगामाने दाखवलं. त्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अलाएद्दिन अजाराईचे, २३. भारतीयांमध्ये पहिला सुनील छेत्री, १४ गोल, वय चाळीस. नियमाप्रमाणे मार्केझ यांनी छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं. छेत्रीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. २००५ मध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल करणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलाने पुढची दोन दशकं हा संघ पाठीवर वाहिला. चाळिशीत १४ गोल करणं हा त्याचा मोठेपणा आहे. पण चाळिशीतला माणूस देशातला सर्वोत्तम गोल करणारा ठरतो, तेव्हा त्याची पाठ थोपटून भागत नाही. मधल्या वीस वर्षांत आपण दुसरा का घडवला नाही, हे विचारावं लागतं.

निकाल काय लागला तेही सांगतो, कारण ‘अनुभव हवा’ म्हणणाऱ्यांचा सगळा भर निकालावर असतो. २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी. शिलाँगला बांगलादेशशी ०-०. हाँगकाँगमध्ये ०-१. सिंगापूरला १-१. फातोर्ड्याला त्याच सिंगापूरकडून १-२. ढाक्याला बांगलादेशकडून ०-१. पहिले पाच सामने, दोन गोल, विजय एकही नाही, आणि पात्रता हुकली. जुलै २०२३ मध्ये फिफा क्रमवारीत ९९ वर असलेला संघ नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ वर आला. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशियाई चषकात तीन सामन्यांत आपला एकही गोल नव्हता, आणि २०२४ च्या अख्ख्या वर्षात एकही विजय नव्हता. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या सीएएफए नेशन्स कपमध्ये मार्केझ यांच्या जागी आलेल्या खालिद जमील यांच्या संघाने तिसरा क्रमांक मिळवला, ओमानला पेनल्टीवर हरवलं, कौतुकाची गोष्ट. पण तिथेही ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंचे.

तरुण सेंटर फॉरवर्डला घेण्यात धोका आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब समोर ठेवून सांगावं, आणखी कुठला धोका शिल्लक आहे?

ढाक्यात आपल्याला हरवणारा गोल शेख मोरसालिनचा होता. हमझा चौधुरीसारखा इंग्लंडमध्ये मुरलेला खेळाडू बांगलादेशकडे आहे, त्याची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. गोल मात्र तरुण, घरच्याच लीगमधून आलेल्या मोरसालिनने केला. त्याला वरिष्ठ संघात २०२३ मध्येच, अजून मिसरूड फुटत असताना, उतरवलं गेलं होतं. बांगलादेशने त्याला ‘अजून वेळ आहे’ असं सांगितलं नाही.

विरोधकांचा यापेक्षा वजनदार मुद्दा दुसरा आहे. ते २०१७ कडे बोट दाखवतात. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपली मुलं दिल्लीत खेळली, देशभर त्यांचा उदोउदो झाला, आणि पुढे त्यातल्या किती जणांचं नाव राहिलं? म्हणून कोवळ्या पोरांना डोक्यावर घेऊ नका, असं ते म्हणतात. हा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण त्यातला अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा. पण त्या संघाची यादी नीट वाचली तर ती विरोधकांच्या नव्हे, माझ्या बाजूने साक्ष देते. जिक्सन सिंग, मधली फळी: केरळा ब्लास्टर्समध्ये नियमित खेळला आणि देशाच्या संघात स्थिरावला. सुरेश वांगजम, मधली फळी: बेंगळुरूमध्ये तसंच. अन्वर अली, बचाव: हृदयाच्या आजाराचं निदान झाल्यावरही परतला आणि देशाचा पहिल्या पसंतीचा बचावपटू झाला. आणि पुढे खेळणारे? रहीम अली क्लबमध्ये कधी कडेला, कधी उशिरा उतरून खेळत राहिला. अनिकेत २०२२ मध्ये वरिष्ठ चमूपर्यंत पोहोचला, पण क्लबमध्ये तो बहुतेक कडेचाच खेळाडू झाला. कोमल थाटलचं नाव मागे पडत गेलं. एकाच शिबिरातली, एकाच वयाची, एकाच प्रशिक्षकाची मुलं. ज्यांच्या जागा क्लबांनी भारतीयांसाठी मोकळ्या ठेवल्या ते पुढे गेले. ज्यांच्या जागेवर परदेशी माणूस उभा होता ते अडकले. कोवळ्या वयात झालेल्या कौतुकाने मुलं बिघडत असती, तर जिक्सन आणि सुरेशही बिघडले असते. आणि सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाला आपला पराभव टाळणारा गोल कुणाचा होता? रहीम अलीचा. इतकी वर्षं कडेला आणि बाकावर काढलेल्या त्याच मुलाचा.

कोल्हापूरचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हा रोग फक्त आयएसएलचा नाही. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते ती देशातल्या अनेक व्यावसायिक संघांना स्वप्नातही मिळत नाही. पेठेतलं पोर चालायला लागल्यापासून चेंडूमागे असतं. तरीही चषकाची चुरस वाढली तसे आमच्या तालमींनी नायजेरियाचे खेळाडू आणले, आणि त्यांतले बरेच जण पुढच्या फळीत उभे राहिले. गर्दी खूश होते, सामना रंगतो. पण ज्या गल्लीतल्या पोराने त्या जागेवर चार वर्षं डोळा ठेवलेला असतो, तो हळूच कडेला सरकतो किंवा हाफमध्ये जातो. आपल्या घरात जे चालतं त्याचंच मोठं रूप कोलकात्यात आणि गोव्यात दिसतं.

म्हणून उलटा प्रश्न विचारतो. क्लबमध्ये जागा नसलेल्या मुलाला राष्ट्रीय संघाने आधी उचललं आणि त्याचं सोनं झालं, असं भारतात कधी घडलं आहे का? घडलं आहे, आणि आपल्या पुण्यात घडलं आहे. लालियानझुआला छांगटे मिझोरमहून पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्सच्या अकादमीत आला होता. डिसेंबर २०१५ मध्ये प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी त्याला सॅफ स्पर्धेसाठी भारताच्या वरिष्ठ संघात घेतलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. डीएसके संघ आय-लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो त्यानंतर, जानेवारी २०१६ मध्ये. म्हणजे देशातल्या वरच्या लीगमध्ये क्लबकडून एकही सामना खेळण्याआधी छांगटे भारताकडून खेळला, आणि नेपाळविरुद्ध त्याने दोन गोल केले. आजच्या निकषाने त्याचं नाव यादीपर्यंतही पोहोचलं नसतं. दहा वर्षांनी फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध भारताचा एकमेव गोल त्याचाच होता.

कॉन्स्टंटाइन यांच्यावर तेव्हा टीकेची झोड उठली होती. संघात सारखे बदल करतात, कुणालाही भारताची जर्सी देतात, राष्ट्रीय संघाचं गांभीर्य घालवलं. मार्च २०१५ मध्ये, त्यांच्या कामाच्या सुरुवातीला, भारत १७३ व्या क्रमांकावर होता. जुलै २०१७ मध्ये ९६ वर. ‘राष्ट्रीय संघ म्हणजे शिकवणीचा वर्ग नव्हे’ हे वाक्य त्या दोन वर्षांनी खोटं ठरवलं. मनोलो मार्केझ यांनीही इंटर काशीकडून आय-लीग खेळणाऱ्या एडमंड लालरिंडिकाला बोलावून हेच केलं होतं. आयएसएलच्या बाहेरही माणसं खेळतात, हे निदान त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं.

मी सक्तीच्या बाजूचा नाही, हेही स्पष्ट करतो. चीनने २०१७ मध्ये लीगच्या सामन्यात तेवीस वर्षांखालचा खेळाडू सुरुवातीपासून खेळवायची सक्ती केली. क्लबांनी मुलाला उतरवलं आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढलं. नियम पाळला गेला, मूल बाकावरच राहिलं. परदेशी फॉरवर्डवर बंदी घाला असंही मी म्हणत नाही. मॅक्लारेनबरोबर रोज सराव करणं ही सुहैलसाठी मोठी शाळा आहे. पण सराव करून सामन्याची भूक भागत नाही, आणि क्लबकडून ती भागणार नसेल तर ती भागवण्याची जबाबदारी महासंघाची आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाची आहे.

एकेकाळी महासंघाला हे कळत होतं. इंडियन ॲरोज हा मुलांचा संघ २०१० मध्ये उभा केला, २०१३ मध्ये बंद केला, २०१७ च्या मुलांसाठी पुन्हा सुरू केला आणि २०२२ मध्ये पुन्हा गुंडाळला. या संघात परदेशी खेळाडू नव्हता, म्हणून नऊ नंबरची जागा आपोआप भारतीय मुलाची होती. सामने हरायचे, पण नव्वद मिनिटं मिळायची. उझबेकिस्तानने २०२१ मध्ये ऑलिंपिक नावाचा असाच तरुणांचा संघ उभा करून मोठ्यांच्या लीगमध्ये उतरवला. तो देश पॅरिस ऑलिंपिक खेळला आणि २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला. एका संघामुळे हे सगळं झालं असं म्हणणं बालिशपणाचं होईल. पण ते जी गोष्ट उभी करत होते तीच आपण त्याच सुमारास मोडीत काढत होतो, हे विसरून कसं चालेल?

आणि मुलं कमी पडतात म्हणणाऱ्यांनी २०२५ चा शरद ऋतू आठवावा. सप्टेंबरमध्ये नौशाद मूसा यांच्या तेवीस वर्षांखालच्या संघाने दोह्यात बहारीनला २-० असं हरवलं, ब्रुनेईला ६-० असं. कतारकडून १-२ अशी हार झाली आणि त्या वयोगटाचा आशियाई चषक थोडक्यात हुकला. नोव्हेंबरच्या शेवटी अहमदाबादला बिबियानो फर्नांडिस यांच्या सतरा वर्षांखालच्या मुलांनी इराणला २-१ असं नमवून आशियाई चषक गाठला. त्याच महिन्यात मोठा संघ ढाक्यात हरला होता. गोल करणारी मुलं या देशात जन्माला येतात. अठरा ते तेवीस या वयात ती कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बाकावर बसलेलं आहे.

खालिद जमील यांच्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे, कारण हा माणूस मुंबईच्या मैदानांवर मोठा झालेला आहे आणि त्याने नावांकडे बघून संघ कधी बनवला नाही. २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या संघाला, फारशी ओळख नसलेल्या मिझो पोरांना हाताशी धरून, त्यांनी आय-लीग जिंकून दिली. त्यांना ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य शोभत नाही. अडचण त्यांच्यापुढेही आहे. फिफाच्या तारखांबाहेर क्लब खेळाडू सोडत नाहीत. सीएएफए कपच्या वेळी मोहन बागानने सोडले नव्हते, आणि नियमाप्रमाणे तो त्यांचा हक्क होता. म्हणजे मुलाला क्लब खेळवणार नाही आणि शिबिरालाही सोडणार नाही. यावर महासंघाने क्लबांशी बसून लेखी करार करावा: जो तेवीस वर्षांखालचा खेळाडू हंगामात ठराविक मिनिटांपेक्षा कमी खेळला असेल, त्याला राष्ट्रीय शिबिरासाठी तारखा न बघता सोडायचं, नाहीतर आय-लीगच्या संघाकडे लोनवर द्यायचं. ॲरोज पुन्हा उभा करायचा. आणि पुढच्या प्रत्येक मैत्रीपूर्ण सामन्यात नऊ नंबरची जर्सी तेवीस वर्षांखालच्या मुलाला द्यायची, पहिल्या मिनिटापासून साठाव्यापर्यंत, कडेला नव्हे तर मध्ये.

तो मुलगा सुहैल भट असावा असं मला वाटतं. त्याच्यापेक्षा चांगला कुणी दिसत असेल, तर ‘वेळ आहे’ म्हणणाऱ्यांनी त्याचं नाव सांगावं. मी त्या मुलासाठीही एवढंच लिहीन. पण नाव सांगावं.